चेक मिळाला, पण वीस वर्षांनी विचारपूस कोणी करायची?

कातळमाळ (राजापूर)
परवाची गोष्ट. शेजारच्या कलमांत वानरं उतरली, म्हणून राखणीच्या गुरख्याने सुतळी बॉम्ब लावला. काका आमच्या पडवीत हापूसच्या पेटीत पेंढा घालत बसले होते. आवाज झाला तसे ते पेटीवर ओणवे झाले, दोन्ही हात कानांवर. मी जवळ गेले तर मला विचारतात, "गाडी थांबली काय?" पेंढा मुठीत तसाच होता, मूठ सुटायला दहा मिनिटं लागली.

11 जुलै 2006 ला काका पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होते. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. काकांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तो शिवला, पण कानातली शिट्टी गेली नाही, ती रात्रंदिवस चालूच असते. मांडीत काचेचा एक तुकडा आहे, थंडीत ठणकतो. पाच वर्षांनी नोकरी सोडून गावी आले आणि बरे रुळले. मग 2025 मध्ये 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. न्यायालयाच्या निर्णयावर मला काही बोलायचं नाही. पण टीव्हीवर तेच डबे पुन्हा पुन्हा दाखवले, तेव्हापासून काका रात्री दोन-अडीचला उठून ओटीवर बसतात.

एकरकमी मदत तेव्हा मिळाली होती. आता कानाचं काही होईल का म्हणून एका कार्यालयात गेलो, तर "तुमची केस केव्हाच बंद झाली" असं उत्तर मिळालं. केस बंद झाली असेल, कान झालेला नाही. माझं म्हणणं एवढंच की जखमींची यादी सरकारकडे आहे. त्या यादीतल्या प्रत्येकाला आरोग्य खात्याने वर्षातून एकदा तरी फोन करावा. कान, झोप, मन कसं आहे ते विचारावं, आणि उपचार आयुष्यभर फुकट द्यावेत.

दर्यावर्दी (हर्णे)
काकांबद्दल वाईट वाटलं, पण मागणी पटली नाही. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळीयेत डोंगर खाली आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच्या दोन वर्षं आधी तिवऱ्याचं धरण फुटलं. त्या गावांतली माणसं आजही जोराचा पाऊस लागला की डोळ्याला डोळा लावत नाहीत. समुद्रात होडी उलटून वाचलेला आमचा एक खलाशी सात वर्षं पाण्यात उतरलेला नाही. त्यांना कोण फोन करतं? बॉम्बवाल्यांची वेगळी यादी, दरडवाल्यांची वेगळी, आणि होडीवाल्यांची नाहीच, असं दुःखाला नंबर लावणं मला मान्य नाही. द्यायचं तर सगळ्यांना द्या.

कातळमाळ
दर्यावर्दी, सगळ्यांना मिळावं याला माझी ना नाही. पण फरक आहे. डोंगर कोणावर राग धरून येत नाही. बॉम्ब ठेवणाऱ्याला सरकारला धडा शिकवायचा होता, आणि तो सोसला घरी निघालेल्या माणसाने. सरकारच्या वाटचा घाव काकांनी घेतला असं मी मानते. शिवाय दरडीचा खटला वीस वर्षं चालत नाही. इथे दर तारखेला, दर निकालाला खपली निघते.

वकिली बाक (श्रीवर्धन)
थोडी कायद्याची माहिती. नागरिकांसाठी केंद्राची मदत योजना आहे. दहशतवादी, जातीय किंवा नक्षली हिंसेत मृत्यू आला किंवा 50 टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर आधी 3 लाख मिळत, 2016 पासून 5 लाख. त्यात आरोग्य कार्डाचीही तरतूद आहे, त्या हिंसेतून आलेल्या दुखण्यांवर मोफत उपचार. म्हणजे तुम्ही मागताय त्यातलं निम्मं कागदावर आहे. पण योजना 1 एप्रिल 2008 नंतरच्या घटनांना लागू. काका दोन वर्षं आधी जखमी झाले, आणि एका कानाने, झोपेने 50 टक्के कुठून भरणार? भांडायचं तर या दोन अटींवर भांडा.

आणखी एक. 1993 च्या स्फोटांचं आरडीएक्स आमच्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं. 12 मार्चला 257 माणसं गेली. किनाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तेव्हा तिशीत असलेले जखमी आता साठी ओलांडून गेले, त्यांची नावं कोणाच्या लक्षात नाहीत. अमेरिकेत 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या बाधितांसाठीचा आरोग्य कार्यक्रम 2090 पर्यंत चालू ठेवायचं कायद्याने ठरलंय, त्यात मनाचे आजारही येतात. म्हणजे त्या दिवशी तान्ही असलेली मुलं म्हातारी होईपर्यंतचा हिशोब त्यांनी धरलाय.

सिस्टरताई (चिपळूण)
ग्रामीण रुग्णालयात तेवीस वर्षं काढली, म्हणून लिहिते. अशा प्रसंगातून गेलेला प्रत्येकजण मनाने आजारी होत नाही. घर, काम, माणसं मिळाली की बरेचजण सावरतात. घटनेनंतर लगेच कोणाला बसवून "काय काय बघितलंस ते सांग" असं उकरून काढू नये, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. त्यामुळे सरसकट फोन करून सगळ्यांना पेशंट ठरवायला माझा विरोध आहे.

पण काकांचं वेगळं. वीस वर्षांनी आवाजाला अंग आकसतं, झोप उडते, त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अडतं ते आपल्या बोलण्यात. आपल्याकडे "रत्नागिरीला नेलं" म्हटलं की माणूस वेडा झाला असाच अर्थ घेतात. 1886 पासून तिथे मनोरुग्णालय आहे, पण त्या फाटकातून नुसतं आत जायलाही माणसं घाबरतात. आधी 14416 वर बोला, टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फुकट फोन सेवा आहे, मराठीत बोलतात. आणि कानातल्या आवाजासाठी श्रवणतपासणी पुन्हा करा. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या मशीननेही तो आवाज बऱ्याच जणांना कमी जाणवतो.

मालवणची लेक
माका ह्यां अजिबात पटणा नाय. माझी आई 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर कोकणकन्येची वाट बघत होती. तिच्या दंडातून गोळी गेली. पुढे दर नोव्हेंबरला कोणी ना कोणी माईक घेऊन दारात. तिने सहा वेळा सांगितलं, सातव्या वेळी दाराला आतून कडी घातली. गावात तिची ओळख "गोळी लागलेली" एवढीच उरली होती, ती पुसायला तिला दहा वर्षं लागली. आता सरकारी फोन आला की पुन्हा तेच. उपचार हवेत, कार्ड हवं. ते तिच्या पेटीत पडून राहू दे, लागेल तेव्हा ती काढेल. तिच्या दाराची कडी बाहेरून कोणी वाजवू नये.

आणि एक विचारते. सगळे जखमी माणसाचं बोलतायत. त्या रात्रीपासून बाबा आईच्या उशाशी झोपतात, दिवा न मालवता. त्यांचं नाव कोणत्या यादीत आहे?

दर्यावर्दी
लेकी, हे शेवटचं वाचून थांबलो. त्या खलाशाच्या बायकोचाही विचार मी केला नव्हता. वेगळ्या यादीला माझा विरोध कायम आहे. पण कार्ड घरातल्यांनाही लागू हवं, हे मान्य.

कातळमाळ
काल हा सगळा धागा काकांना वाचून दाखवला. सिस्टरताईंचं ऐकताना मान हलवली, रत्नागिरीचं नाव येताच उठून पाणी प्यायले. मालवणच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. मग मी सरळ विचारलं, काका, वर्षातून एकदा फोन आलेला चालेल का?

म्हणाले, "फोन नको. कानाचं बघ कुठे होतं ते. आणि त्या गुरख्याला सांग, लावायच्या आधी हाक मार म्हणावं."

मालवणच्या ताईंचं बरोबर होतं. फोनची मागणी मी मागे घेते. 2008 ची तारीख आणि 50 टक्क्यांची अट, या दोन्हीसाठी अर्ज लिहायला घेतलाय, वकीलसाहेब, मसुदा तुम्हाला पाठवते. श्रवणतपासणीची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.

आज सकाळी वानरं पुन्हा आली. गुरख्याने गडग्यावर चढून हाक दिली, "काका, लावतो हां!" काकांनी पेटी बाजूला सारली, कानांवर हात ठेवले आणि बारची वाट बघत बसले.