मदत हवी आहे: दोन वेळचे जेवण आणि मधुमेहाची गोळी

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली पद्धत, म्हणजे कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळी 55 मिनिटांच्या आत जेवणे आणि एरवी पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा घेणे, माझ्या आईला सुरू करायची आहे. वजन उतरेलही, मला काळजी आहे ती ग्लिमेपिराइडची, कारण ही गोळी इन्सुलिन वाढवते आणि पोट रिकामे असल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. मागच्या एकादशीला दुपारीच तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले (आणि साबुदाण्याची खिचडी संध्याकाळसाठी राखलेली!). डॉक्टरांची वेळ घेतलेलीच आहे. तरीही ही गोळी चालू असताना ज्यांनी दोन वेळचे जेवण पाळले, त्यांच्या डॉक्टरांनी मात्रा आधीच कमी केली का आणि साखर कोणकोणत्या वेळी तपासायला सांगितली, हे कृपया कळवावे.