कृत्रिम डोळ्याचे क्लेम : व्ही२६२३ 'व्हिजन'मध्ये अडकतोय

रात्रपाळी :

मंडळी, अमेरिकेतल्या एका ऑक्युलरिस्टचं (कृत्रिम डोळे बनवणाऱ्याचं) बिलिंग नुकतंच आमच्या टीमकडे आलंय. सगळे क्लेम (विम्याकडे पैशांची मागणी) कृत्रिम डोळ्यांचे. आधीच्या लोकांनी पाठवलेल्या क्लेमपैकी तीन प्रकार साचलेत.

१. कमर्शियल प्लॅन (खाजगी विमा). व्ही२६२३-आरटी (कृत्रिम डोळा, उजवा), निदान फक्त झेड९७.०. पीआर-२०४ लागलाय, म्हणजे 'प्लॅनमध्ये कव्हर्ड नाही'. विमा कंपनीची रिप म्हणते, 'हा व्हिजन कोड आहे, व्हिजन कॅरियरकडे पाठवा.' तिकडे विचारलं तर ते म्हणतात, आमच्याकडे फक्त चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स.

२. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा). व्ही२६२४-एलटी (पॉलिशिंग, डावा), सीओ-१५१ (इतक्या वेळा करण्याला आधार नाही). आमच्या ऑक्युलरिस्टने या वर्षात केलेलं हे पहिलंच पॉलिशिंग आहे, मग फ्रीक्वेन्सी कुठून आली?

३. मेडिकेअर, दोन्ही डोळे. व्ही२६२३ एकाच ओळीत, आरटी आणि एलटी दोन्ही मॉडिफायर, युनिट २. क्लेम परत आला.

शिवाय निदान नेमकं कोणतं, झेड९०.०१, झेड९७.० की झेड४४.२१? आणि डेट ऑफ सर्व्हिस ठसा घेतला तो दिवस धरायचा की डोळा बसवला तो?

---

डीएमईवाली :

पहिल्या प्रकारापासून सुरू करते, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

एचसीपीसीएसमध्ये (अमेरिकेतल्या वस्तू-सेवांच्या कोडयादीत) व्ही अक्षराखाली चष्म्याच्या काचा, फ्रेम, कॉन्टॅक्ट लेन्स असं सगळं आहे, आणि व्ही२६२३ ते व्ही२६२९ हे कृत्रिम डोळ्याचे कोडही त्याच रांगेत बसवलेत. पेयरच्या (विमा देणाऱ्याच्या) सिस्टिमला पहिलं अक्षर दिसतं आणि क्लेम थेट व्हिजनच्या खात्यात जातो. वस्तू मात्र प्रोस्थेसिस आहे, कृत्रिम पायासारखीच. मेडिकेअरसुद्धा ती पार्ट बीमध्ये 'कृत्रिम पाय, हात आणि डोळे' या बेनिफिटखाली देतं आणि क्लेम डीएमई मॅककडे (अशा वस्तूंचे क्लेम बघणाऱ्या मेडिकेअरच्या कंत्राटदाराकडे) जातो.

म्हणून रिपला 'व्ही२६२३ कव्हर्ड आहे का' असं कधीही विचारू नका. उत्तर 'नाही' येणार हे ठरलेलं. विचारायचं असं : 'मेडिकल प्लॅनमध्ये एक्सटर्नल प्रोस्थेटिक डिव्हाइसचा बेनिफिट आहे का? शस्त्रक्रियेत काढलेल्या डोळ्याच्या जागी बसणारं प्रोस्थेसिस त्यात येतं का? प्रायर ऑथ (आगाऊ मंजुरी) लागतं का? प्रोस्थेटिक्सला वार्षिक मर्यादा आहे का?' रेफरन्स नंबर, रिपचं नाव, तारीख लिहून ठेवा. हे डोळा बनवायला घेण्याआधी व्हायला हवं. रंगवून, पॉलिश करून डोळा तयार झाल्यावर ऑथ मागायला गेलात तर बऱ्याच प्लॅनमध्ये रेट्रो ऑथ (मागाहून मंजुरी) मिळत नाही.

आणि एक अगदी महत्त्वाचं : पीआर म्हणजे पेशंटची जबाबदारी. सिस्टिमने तो बॅलन्स पेशंटच्या नावावर टाकून स्टेटमेंट काढायच्या आत अकाउंट होल्डवर टाका. डिनायल चुकीचं आहे आणि बिल मात्र पेशंटच्या दारात, असं व्हायला नको.

---

कोडकिडा :

डीएमईवाली ताईंचं बरोबर आहे, पण या क्लेममध्ये आपलीही चूक आहे. निदान फक्त झेड९७.० लावलंय, म्हणजे 'कृत्रिम डोळा आहे'. नवीन डोळ्याचं बिल पाठवताना पेयरला आपणच सांगतोय की याच्याकडे एक आहे! नवीन का लागतोय, ते क्लेमवर कुठेच नाही.

डोळा काढलेला असेल तर झेड९०.०१. जन्मतः नसेल तर क्यू११.१, जन्मतः लहान असेल तर क्यू११.२. झेड९०मध्ये जन्मजात अभावाला एक्सक्लूड्स १ आहे, त्यामुळे एकाच डोळ्याला झेड९०.०१ आणि क्यू११.१ एकत्र लावू नका. बुबुळासकट डोळा जागेवरच आहे पण आक्रसलाय, तर एच४४.५२१ उजवा, एच४४.५२२ डावा, एच४४.५२३ दोन्ही. अशा डोळ्यावर जे पातळ कवच बसतं ते व्ही२६२३ नाही, व्ही२६२७, स्क्लेरल कव्हर शेल. व्ही२६२७बरोबर झेड९०.०१ दिसला की समजायचं, दोन्हींपैकी एक बहुतेक चुकलंय.

फिटिंगच्या भेटीला झेड४४.२१ उजवा, झेड४४.२२ डावा. पण झेड४४ आणि झेड९७ यांच्यातही एक्सक्लूड्स १ आहे, दोन्ही एका क्लेमवर टाकू नका. कॅन्सरच्या गाठीमुळे डोळा काढला असेल आणि उपचार संपले असतील तर झेड८५.८४० जोडीला द्या, कारण आपोआप स्पष्ट होतं.

आता गंमत बघा. झेड९०.०१मध्ये उजवा-डावा नाहीच. म्हणजे क्लेमवर बाजू सांगणारी एकच गोष्ट, आरटी किंवा एलटी. सर्जनच्या ऑपरेशन नोटमध्ये 'ओएस' लिहिलेलं असतं, म्हणजे डावा डोळा, ओडी म्हणजे उजवा. घाईत कुणीतरी ओएस वाचून आरटी टाकतं. पुढे त्याच पेयरकडे सर्जनचा ६५१०५-एलटी (डावा डोळा काढल्याचा कोड) जमा असतो आणि आपला व्ही२६२३-आरटी जातो. ऑर्डर, ऑपरेशन नोट, डिलिव्हरीची पावती आणि क्लेम, या चारही ठिकाणची बाजू समोरासमोर ठेवून तपासा.

आणि हो, निदान आपल्या मनाने बदलायचं नाही. चार्टमध्ये आधार असेल तरच. मग अपील न करता करेक्टेड क्लेम : क्लेम फॉर्मच्या बॉक्स २२मध्ये कोड ७ आणि मूळ क्लेम नंबर. कॉस्मेटिक म्हणून नाकारलं तर अपील, आणि पत्रात दिसण्याबद्दल एक अवाक्षर नको. खोबणीचा आकार टिकणं, पापण्यांना आधार, अश्रूंचा निचरा, लहान मुलांत भोवतालच्या हाडांची वाढ, हे डोळ्यांच्या डॉक्टरकडून लिहून घ्या.

---

रात्रपाळी :

कोडकिडा दादा, चार्ट काढला. २०१९ला एन्युक्लिएशन (डोळा काढण्याची शस्त्रक्रिया) झालंय, म्हणजे झेड९०.०१ला आधार आहे. आता मेडिकेअरचे दोन?

---

सातवर्षांचीफाइल :

तिसरा सोपा. १ मार्च २०१९पासून दोन्ही बाजूंची एकच वस्तू असेल तर दोन वेगळ्या ओळी : व्ही२६२३-आरटी युनिट १, व्ही२६२३-एलटी युनिट १. दोन्ही मॉडिफायर एकाच ओळीत टाकले की क्लेम रिजेक्ट. रेमिटन्सवर (पेयरकडून आलेल्या हिशेबावर) एमए१३० (क्लेम अपुरा, म्हणून प्रक्रियेलाच घेतला नाही) असेल तर अपीलचा हक्कच नाही, अपील लिहीत बसू नका, नवा क्लेम पाठवा. एक वर्षाची मुदत डेट ऑफ सर्व्हिसपासूनच चालू असते, परत आला म्हणून ती नव्याने सुरू होत नाही.

डेट ऑफ सर्व्हिस म्हणजे पेशंटच्या हातात डोळा मिळाला तो दिवस. ठसा, मेणाचा नमुना, रंगकाम, बसवून बघणं, सगळं व्ही२६२३च्या पैशात आलं. ठशाच्या तारखेने बिल केलं तर क्लेमवर एक तारीख आणि सहीच्या पावतीवर दुसरी. ऑडिटमध्ये तोच डोळा परत मागतात, म्हणजे पैसे हो.

दुसरा, सीओ-१५१. व्ही२६२४ मेडिकेअरमध्ये वर्षाला दोनदा. ही मोजणी पेशंटची आहे, तुमच्या ऑक्युलरिस्टची नाही. पेशंटने आधी दुसरीकडे दोनदा पॉलिश करून घेतलं असेल तर तुमचं पहिलं हे त्याचं तिसरं. पेशंटला नुसतं विचारून भागत नाही, डीएमई मॅकच्या पोर्टलवर क्लेम हिस्टरी बघा. जादा असणार हे आधीच माहीत असेल तर कामापूर्वी एबीएनवर (मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही, अशी पेशंटला आगाऊ सूचना) सही घ्या आणि जीए मॉडिफायर लावा. काम झाल्यावर घेतलेली एबीएन निरुपयोगी.

व्ही२६२५ म्हणजे मोठा करणं, व्ही२६२६ म्हणजे लहान करणं. एकदा जास्तीचे कागद न जोडता मिळतं, पुढच्या वेळी खोबणीत काय बदललं ते रेकॉर्डमध्ये हवं. मोठा करताना मागच्या बाजूला नवीन ॲक्रिलिक चढवतात आणि शेवटी पॉलिश करतातच, म्हणून त्याच दिवशी त्याच बाजूला व्ही२६२४ वेगळा लावू नका, मी तरी कधीच लावणार नाही. नव्या व्ही२६२३बरोबर तर विचारही नको.

फाइलमध्ये क्लेम पाठवण्याआधी हवं ते : स्टँडर्ड रिटन ऑर्डर. त्यावर पेशंटचं नाव किंवा एमबीआय (मेडिकेअर नंबर), ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, लागू असेल तर संख्या, डॉक्टरचं नाव किंवा एनपीआय (डॉक्टरचा राष्ट्रीय नंबर), आणि सही. सही राहून जाते, हमखास. मग डॉक्टरच्या नोट्स, नुसत्या ऑक्युलरिस्टच्या नोट्सवर विसंबू नका. आणि प्रूफ ऑफ डिलिव्हरी. सात वर्षं जपून ठेवायचं.

---

डीएमईवाली :

रिप्लेसमेंटचं राहिलं. मेडिकेअर पाच वर्षांनी नवीन डोळा देतं. त्याआधी हवा तर कारण लागतं. हरवला किंवा दुरुस्तीपलीकडे मोडला तर व्ही२६२३-आरए (रिप्लेसमेंटचा मॉडिफायर) आणि बाजूचा मॉडिफायर, नवीन ऑर्डर, कसा हरवला याचं पेशंटचं सही केलेलं निवेदन, आणि क्लेमच्या नॅरेटिव्हमध्ये एक ओळ. आरए विसरलात तर सिस्टिमला दुसरा डोळा मागितल्यासारखं दिसतं. मेडिकेडवरचं (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यावरचं) लहान मूल असेल तर मोजमाप वेगळं : खोबणी वाढत जाते, डोळा वरचेवर बदलावा लागतो, आणि २१ वर्षांखालच्यांना ईपीएसडीटीखाली (मेडिकेडचा मुलांसाठीचा बेनिफिट) गरज दाखवून तो मिळतो.

---

रात्रपाळी :

शेवटची शंका. एका पेशंटचं ६५११० (खोबणीतलं सगळं काढण्याची शस्त्रक्रिया) झालंय, पापण्यासुद्धा काढल्यात. ऑक्युलरिस्टने चार्टवर व्ही२६२९ लिहिलंय.

---

कोडकिडा :

थांबा, पाठवू नका. व्ही२६२९ म्हणजे 'इतर प्रकारचा डोळा', त्याला वर्णन जोडावं लागतं आणि दर ठरलेला नसतो. पापण्यांसकट पूर्ण खोबणी झाकणारं प्रोस्थेसिस बनवलं असेल तर ते ऑर्बिटल, एल८०४२, आणि त्याची पॉलिसी फेशियल प्रोस्थेसिसची. डॉक्टरने स्वतः ठसा घेऊन बनवलं असेल तर २१०७७. आधी ऑक्युलरिस्टला विचारा, नेमकं बनवलंय काय, आणि शक्य असेल तर तयार वस्तूचा फोटो मागवा.