‘हकीकत’मधील प्रेमकथा: युद्धपटाचे बळ की ओझे?

चारभिंती (सातारा)

गेल्या रविवारी साताऱ्यात एका मित्राच्या गच्चीवर, भिंतीला चादर लावून, आम्ही दहाबारा जणांनी चेतन आनंद यांचा १९६४ सालचा ‘हकीकत’ पाहिला. चित्रपट संपल्यावर जो वाद पेटला तो चहाच्या दोन फेऱ्यांनंतरही विझला नाही, म्हणून येथे मांडतो. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, १९६२ च्या युद्धात चिनी सैन्याने घेरलेल्या लडाखमधील एका तुकडीच्या माघारीची ही कथा असून तिच्यात कॅप्टन बहादूर सिंग (धर्मेंद्र) आणि आंग्मो ही लडाखी तरुणी (प्रिया राजवंश) यांचे प्रेम गुंफलेले आहे.

माझे मत असे की, हे प्रेम या चित्रपटाला पेललेले नाही. पराभवाची जखम ओली असताना, अवघ्या दोन वर्षांत, पराभवावरच चित्रपट काढायचा आणि त्यासाठी प्रत्यक्ष लडाखमध्ये जाऊन चित्रीकरण करायचे, हे धाडस आजही थक्क करते. कृष्णधवल चित्रणातील ते उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्यापुढे मुंगीएवढी दिसणारी माणसे पाहिली की संवादांची गरजच उरत नाही. मात्र आंग्मो पडद्यावर आली की हे सगळे एकदम नाटकी होते. प्रिया राजवंश यांनी लंडनच्या नाट्यशाळेत शिक्षण घेतले होते आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट होता. त्यांच्या उच्चारांत मला लडाख कोठेच ऐकू आले नाही.

शिवाय प्रेमाची बाजू याच चित्रपटातील एका गाण्याने आधीच भरून काढलेली आहे. ‘होके मजबूर मुझे उसने भुलाया होगा’ या गाण्यात थकलेले जवान आपापल्या घरच्या माणसाची आठवण काढतात. मदन मोहन यांनी त्यासाठी मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार निराळ्या पोतांचे आवाज घेतले. एकाच गायकाने सगळ्यांसाठी गायले असते तर ती एक सामुदायिक हळहळ झाली असती. चार आवाजांमुळे चार वेगळी घरे उभी राहतात. त्या स्त्रियांची नावेसुद्धा आपल्याला कळत नाहीत, तरी आंग्मोपेक्षा त्याच मला अधिक खऱ्या वाटतात.

हरिपूरकर (सांगली)

आपले गाण्याविषयीचे निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. हे युद्ध ज्या भूमीवर झाले तेथे माणसे राहत होती. आंग्मोला काढून टाकले तर लडाख म्हणजे दोन सैन्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडण्यासाठी राखून ठेवलेले ओसाड रान ठरेल. जवानांना माघार घेता यावी म्हणून बहादूर सिंग मागे थांबतो, तेव्हा ती त्याच्या बरोबरीने शत्रूला अडवते आणि तेथेच प्राण सोडते. फलाटावर उभी राहून रुमाल हलवणाऱ्या नायिका आपण पुष्कळ पाहिल्या. तशी ही नव्हे.

वीर आणि शृंगार एकत्र आले की काहीतरी बाटते, ही समजूत तर आपल्या मातीतली नव्हेच. ज्या शाहीर प्रभाकराने खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा रचला त्यानेच लावण्याही रचल्या. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. ऐन प्रसंगात कथानक थांबवून पद म्हणणारा नट आणि त्याला ‘वन्स मोअर’ देणारा प्रेक्षक आम्हांला परके नाहीत.

चारभिंती

पोवाडा आणि लावणी एकाच शाहिराची, हे खरे; पण एकाच दमात नव्हे. डफ खाली ठेवल्यावर ढोलकी उचलली जाई. ‘हकीकत’मध्ये दोन्ही एकदम वाजतात, हीच माझी तक्रार आहे.

आणि लडाखी माणसेच दाखवायची होती, तर प्रेयसीच कशासाठी? जम्मू-काश्मीर मिलिशिया या निमलष्करी दलात लडाखी शिपाई होते, ते १९६२ मध्ये लढले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पलटणींमधून लडाख स्काउट्स उभी राहिली. एखादा लडाखी शिपाई कथेच्या मध्यभागी असता तर आपला हेतू अधिक नेमकेपणाने साधला असता.

निवृत्त सुभेदार (सातारा तालुका)

मी १९६२ पाहिलेले नाही, परंतु नोकरीतील दोन हिवाळे लडाखमध्ये काढले आहेत, म्हणून थोडे लिहितो. त्या उंचीवर पहिले काही दिवस बुटाची नाडी बांधायला वाकले तरी धाप लागते. गाणे म्हणत चढ चढणारा कोणी मी पाहिला नाही. पण रात्री बंकरमध्ये स्टोव्हभोवती बसून गुणगुणणारे सगळेच असतात. त्यामुळे चार आवाजांचे गाणे आम्हांला आमचे वाटते.

माझा आक्षेप निराळाच आहे. या चित्रपटात प्रेम करण्याची मुभा कॅप्टनला आहे, जवानाच्या वाट्याला केवळ आठवण आली आहे. आमच्या जवळच अपशिंगे मिलिटरी हे गाव आहे, जेथील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांतील प्रत्येकाची काही ना काही गोष्ट असणारच, पण ती सांगायची झाली की आपल्याकडे ४६ हा आकडा सांगून थांबतात.

लडाखमधील रेझांग ला या खिंडीत १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली १३ कुमाऊँ या पलटणीची जी सुमारे १२० जणांची कंपनी लढली तिच्यातील बहुतेक जण तेथेच पडले. १९६३ च्या आरंभी एका लडाखी मेंढपाळाला त्यांचे गोठलेले देह दिसले. कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. असे मरण दाखवताना शेजारी नायिका असावी की नसावी, हा प्रश्न मला तरी दुय्यम वाटतो.

हरिपूरकर

सुभेदारसाहेब, आपण ज्याला दुय्यम म्हणता त्याचेच उत्तर आपल्या मजकुरात आहे. त्या वीरांची वार्ता प्रथम एका लडाखी मेंढपाळाकडून बाहेर आली. चित्रपटातही वेढ्यात सापडलेल्या, मेले असे समजल्या गेलेल्या जवानांना लडाखी भटकेच वाचवतात, आणि आंग्मो त्या जगाचीच प्रतिनिधी आहे. तिचे उच्चार शहरी आहेत, हा नटीचा दोष म्हणता येईल. पात्राची जागा त्यामुळे चुकीची ठरत नाही.

कॅप्टन आणि जवान यांच्यातील भेदाचा मुद्दा मात्र मला आजवर सुचला नव्हता. त्यावर माझ्याजवळ आज तरी उत्तर नाही.

माहुलीची लेक

या धाग्यावर आतापर्यंत पुरुषांनीच लिहिले आहे, म्हणून मी लिहिते. माझे आजोबा १९६२ मध्ये सैन्यात होते आणि आजी माहुलीला होती. लग्नाला दोन वर्षे झाली होती. त्या नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य गावात ज्याच्या त्याच्या तोंडी होते. आजी सांगायची की, तिला त्या वेळी सह्याद्री सुचत नव्हता आणि हिमालयही. तिने विणून पाठवलेले मोजे पोहोचले की नाहीत, एवढाच तिच्या जिवाला घोर होता.

तिला लिहितावाचता येत नव्हते. पत्र आले की पोस्टमन ओसरीवर बसून वाचून दाखवी, आणि सासरे समोर असल्यामुळे तिने स्वतःहून कधी काही विचारले नाही. पोस्टमन निघून गेल्यावर ती ते पत्र पदराखाली घेऊन गोठ्यात जाई आणि अक्षरांवरून नुसते बोट फिरवी. ती पत्रे अजून आमच्याकडे आहेत. घड्यांवर विरली आहेत, आणि एकावर शेणाच्या बोटाचा डाग आहे.

चारभिंती यांनी एका गाण्याविषयी लिहिले, पण याच चित्रपटात लताबाईंनी गायलेले ‘ज़रा सी आहट होती है’ हे गाणेही आहे. दाराशी किंचित चाहूल लागली तरी तोच आला असेल असे वाटणाऱ्या बाईचे हे गाणे आंग्मोच्या तोंडी आहे. मला विचाराल तर आंग्मोला या गाण्याची गरज सर्वांत कमी होती, कारण तिचा माणूस तिच्याच डोंगरात होता आणि शेवटी ती त्याच्या शेजारीच पडली. कडीच्या आवाजाला दचकणाऱ्या बायका इकडे माहुलीत, अपशिंग्यात, कवठेमहांकाळला बसलेल्या होत्या. माझी तक्रार प्रेमकथा असण्याबद्दल नाही; ती चुकीच्या घरात नेऊन ठेवली, याबद्दल आहे.

चारभिंती

ताई, उच्चारांबद्दलचे माझे मत मी बदलणार नाही. परंतु ते गाणे मी आजवर आंग्मोचे म्हणून ऐकले आणि त्यामुळे दरवेळी थोडे दूरच राहिलो, हे तुमचे लिहिणे वाचून लक्षात आले. त्या गाण्यापुरती माझी हरकत मागे घेतो. उरलेली कायम आहे.

निवृत्त सुभेदार

आजोबांची आघाडी कोणती होती, हे विचारू का?

माहुलीची लेक

ते आजीला शेवटपर्यंत नीट सांगता आले नाही, काका. पत्रावर गावाचे नाव कधी नसेच. नुसते ‘५६ ए.पी.ओ.’ असे, म्हणजे लष्करी टपालघराचा क्रमांक असे, आणि कित्येक वर्षे तिला ते एखाद्या गावाचेच नाव वाटत होते.