बारावीनंतर जर्मनी: बडोद्याहून एक प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझे आतेभाऊ जर्मनीतल्या तुमच्या मराठी मंडळात आहेत, त्यांनीच मला या ईमेल यादीत घेतलं. आम्ही बडोद्याला वाडीत राहतो. लेक यंदा गुजरात बोर्डातून बारावी सायन्स, ए ग्रुप (गणितवाला), ८६ टक्क्यांनी पास झाली. जेईई मेन दिली होती, पण ॲडव्हान्स्डला बसण्याइतका नंबर लागला नाही. तिला मेकॅनिकल करायचंय आणि ते जर्मनीतच, हे तिने दहावीपासून मनात धरलंय. जर्मनची ए-२ परीक्षा (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली दुसरी) झाली आहे.

अलकापुरीत एका एजंटकडे जाऊन आलो. तो म्हणतो, बारावीवर थेट ॲडमिशन, आधी एक वर्ष तिकडेच फाउंडेशन, सगळं इंग्रजीत, खर्च साडेनऊ लाख. पन्नास हजार याच आठवड्यात भरले तर सीट राहील. इकडे एसीपीसीच्या (गुजरातच्या प्रवेश समितीच्या) यादीतून एम. एस. युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल मिळेल असं वाटतंय. माझी आई म्हणते, हातचं सोडू नका. मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. एवढे पैसे एकदाच उभे करू शकेन. कोणाच्या घरातलं मूल या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

*

भाऊ, नमस्कार.

मी मूळची दांडिया बाजारची. कलाभवनातून, म्हणजे एम. एस.च्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, बी.ई. करून मास्टर्सला इकडे आले, त्यामुळे माझी वाट वेगळी होती. पण माझा भाचा बारावीनंतर आला आणि त्याची सगळी धावपळ माझ्याच घरातून झाली. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी हे: पन्नास हजार भरू नका. ‘बारावीवर थेट’ हे शब्द ऐकले की थांबायचं. आपली बारावी इथल्या आबिटूरच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, बरोबरीची धरत नाहीत, म्हणून नुसत्या बारावीवर इथल्या सरकारी विद्यापीठात बॅचलरला बसता येत नाही. मधे एक पायरी लागते. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर तांत्रिक विषयांना थेट दार उघडतं, नुसत्या मेनवर नाही. दुसरी वाट श्टुडिएनकोलेगची, म्हणजे विद्यापीठाआधीच्या तयारीच्या वर्षाची. तिसरी म्हणजे भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात पहिलं वर्ष नीट पास होऊन त्याच किंवा जवळच्या विषयाला अर्ज करणं.

एजंटला एकच प्रश्न विचारा: तुमच्या फाउंडेशनच्या शेवटी ‘फेस्टश्टेलुंग्सप्र्युफुंग’ ही श्टुडिएनकोलेगच्या शेवटी असते ती मान्यताप्राप्त परीक्षा असते का, आणि ती कोण घेतं? त्याचं उत्तर कागदावर मागा. बऱ्याच खाजगी संस्थांचा फाउंडेशन कोर्स फक्त त्यांच्याच कॉलेजात चालतो. मुलगी तिथे रमली नाही, फी झेपली नाही, तर ते वर्ष दुसरीकडे कुठेच धरलं जात नाही. बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा कराराला किती स्पष्टता होती: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. काय मिळणार आणि त्याबदल्यात काय द्यायचं, हे सहीच्या आधी ठरलेलं होतं. तुमच्या हातातल्या कागदावर तेवढं तरी लिहिलेलं असावं.

आता श्टुडिएनकोलेग. दोन सेमिस्टरचा कोर्स, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टी-कुर्स: गणित, भौतिक, रसायन आणि जर्मन, सगळं जर्मनमधून. सरकारी असेल तर शिकवण्याची फी सहसा नसते. अर्ज बहुतेक वेळा विद्यापीठाकडे करावा लागतो आणि मग ते प्रवेश परीक्षेला बोलावतात. माझा भाचा या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाला. गणितात पैकीच्या पैकी होते, तो अडकला भाषेत. बी-१चं सर्टिफिकेट होतं, पण तिथे सी-टेस्ट असते. एक उतारा देतात आणि दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला असतो. मराठीत केली तर अशी दिसेल: ‘आई सका… भाजी आण… मांडवीत गे…, तिला येता… पाऊस ला….’ आपण हे डोळे मिटून भरू, कारण भाषा कानात आहे. त्याने जर्मन पुस्तकातून पाठ केली होती, कानात नव्हती. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो निकाल हातात धरून बसला होता, त्या संध्याकाळी जेवला नाही. सहा महिने गेले. रोज वर्तमानपत्रातला एक उतारा मी पेनने खोडायची आणि तो भरायचा. दुसऱ्या खेपेला पास झाला. कोर्सच्या शेवटची फेस्टश्टेलुंग्सप्र्युफुंग मात्र फक्त एकदाच परत देता येते, म्हणून ते वर्षभर घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

तुमच्या लेकीसाठी मी तिसरी वाट धरीन. एम. एस.मध्ये मेकॅनिकलला घाला आणि पहिल्या दिवसापासून जर्मन चालू ठेवा. जर्मनमधून बॅचलर करायचं तर सहसा सी-१च्या आसपासची भाषा लागते, टेस्टडाफ ही जर्मनची परीक्षा दिली तर चारही भागांत ४ ही श्रेणी. ए-२पासून तिथवर जायला दीड-दोन वर्षं धरा. यात एक मेख आहे, ती आधीच सांगते. लोक म्हणतात ‘एक वर्ष करा आणि या’. पण हिवाळी सेमिस्टरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, आणि आपल्याकडे दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल लांबला की ती गाठ पडत नाही. म्हणून मनात दोन वर्षंच धरा. भाषेलाही तेवढीच लागणार आहेत, म्हणजे फुकट काही जात नाही. इथे आल्यावर पहिल्या सेमिस्टरपासून सुरुवात करावी लागेल. बडोद्यातले काही विषय धरले गेले तर चांगलंच, पण त्या भरवशावर हिशेब करू नका. शिवाय मेकॅनिकल केलं की मेकॅनिकल किंवा त्याच्या जवळचंच. उद्या तिला आर्किटेक्चर आवडलं तर हे दार उपयोगाचं नाही. तिच्याशी हे बोलून घ्या.

पैशाचं: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, रुपयात बारा लाखांच्या आसपास. ही फी नाही, तिचेच पैसे. इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो तिला मिळत राहतात. एजंटच्या साडेनऊ लाखांत हे धरलेत का, तेही विचारा. तुम्ही म्हणता पैसे एकदाच उभे करू शकाल. मग ते या खात्यासाठी राखून ठेवा.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

*

ताईंनी सगळं लिहिलंच आहे, दोन गोष्टी जोडतो. सरकारी विद्यापीठांत सहसा फी नाही हे खरं, पण मी राहतो त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. राज्य बघून अर्ज करा. आणि १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून देतात ते) सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. त्याला वेळ लागतो, ते शेवटच्या महिन्यावर टाकू नका. आपलं विद्यापीठ अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या जर्मन यादीत एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का, हे कॉलेजात नाव घालण्याआधी बघून घ्या.

*

मावशी, बाबांच्या मेलवरून मी लिहितेय.

आम्ही काल एजंटकडे जाऊन आलो. परीक्षेचं नाव मी त्यांना लिहून दिलं. ते म्हणाले, आमच्या कोर्सला ती लागत नाही. बाबांनी फाइल उचलली आणि आम्ही निघालो. सूरसागरपर्यंत बाबा काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, तुझं जर्मन मला थोडं वाचून दाखव.

सी-टेस्टचं तुमचं वाक्य आजीने एका दमात भरलं. मग मी माझ्या जर्मन पुस्तकातला एक परिच्छेद तसाच खोडला. वीस शब्दांत सात आले. बी-१च्या सकाळच्या बॅचला नाव घातलंय, कॉलेज सुरू झालं की संध्याकाळची घेईन. तुम्ही भाच्याला कोणत्या वर्तमानपत्रातले उतारे द्यायच्या? आणि त्यातले एक-दोन खोडून मला पाठवाल का?

*

पाठवते ग. आज रात्री पहिला पाठवते, उत्तरं वेगळ्या मेलमध्ये. सातवर थांबू नकोस, पण सात कोणते आले आणि तेरा कोणते राहिले ते मला लिही. क्रियापदांची शेपटी चुकतेय की नामांची, ते कळलं की पुढचा उतारा त्याप्रमाणे निवडीन.