रविवारची बस आणि डहाणूचा प्लॉट

मेधा (ए-३०१): नमस्कार. किरणभाऊ, राग मानू नका, पण ग्रुपवरच विचारते. काल रात्री साडेदहाला त्या डहाणूच्या प्लॉटवाल्या एजंटचा परत फोन. "वहिनी, साहेबांना सांगा, आज टोकन टाकलं नाही तर उद्या दर वाढणार." आमच्या ह्यांनी मला न विचारता ५१ हजार पाठवून पण दिले. माझा नंबर त्याला दिला कोणी?

किरण (बी-१०२): वहिनी, मी नाही दिला. बसच्या यादीत साहेबांनीच दोन नंबर लिहिलेत, बघा.

किरण (बी-१०२): रविवार. सकाळी ६. गेटजवळ. त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू, प्लॉट बघायला. १७ सीटर आहे, ११ नावं आलीत. नाश्ता जव्हारला.

सेक्रेटरी (ए-१०१): रविवारी ११ वाजता गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची मीटिंग आहे, हे पंधरा दिवसांपूर्वी टाकलंय. कृपया सहकार्य करावे.

प्रसाद (सी-२०२): साहेब, जुलैत आमच्या हॉलमध्येच समुद्र येतो, एवढ्या लांब कशाला 😄

सेक्रेटरी (ए-१०१): प्रसाद, तुमचे ८,५०० बाकी आहेत.

प्रसाद (सी-२०२): 🙏

मंदाकाकू (बी-२०३): प्लॉटला पैसे आहेत, गच्चीला नाहीत. चालू दे.

किरण (बी-१०२): काकू, हे मला आहे का?

मंदाकाकू (बी-२०३): ज्याला लागलं त्याला.

रोहन (सी-५०१): मेधाताई, टोकनचं नंतर बघू. आधी डहाणूच का, ते तर कळू दे. समुद्राजवळच हवं असेल तर मुंबईच्या जवळचं बघा ना. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, २१.८ किमी. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल गेली. विमानतळही तिकडेच आलाय. मी आठवड्यातून दोनदा मुंबई करतो. उरण, उलवे भागात फ्लॅट घेतला तर भाड्याने तरी जाईल. डहाणूच्या रिकाम्या प्लॉटवर भाडं कोण देणार?

किरण (बी-१०२): रोहन, उरणचे आजचे दर आपल्याला झेपतील का? उलव्याला २०१० साली कोणी जायला तयार नव्हतं, आता बघ. तसंच इथे होणार. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला भूमिपूजन केलंय. ७६ हजार कोटींचं काम आहे.

प्रसाद (सी-२०२): विरारला आमच्या मेव्हण्याने घेतलाय वन बीएचके. अर्नाळ्याचा समुद्र जवळ, लोकल पण आहे.

रोहन (सी-५०१): चांगलं आहे, पण त्यांना कागद बघायला सांग. नालासोपाऱ्यात २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. लोक राहत होते त्यात.

किरण (बी-१०२): रविवार. सकाळी ६. गेटजवळ. १२ नावं.

मेधा (ए-३०१): माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाहीये. ५१ हजार परत मिळतात का?

आण्णा (ए-४०२): मेधा, आधी सातबारा टाक.

मेधा (ए-३०१): एजंटने फोटो पाठवलाय, तोच टाकते. 📷

मंदाकाकू (बी-२०३): माझं माहेर रेवदंडा. समुद्र किती गोड लागतो ते आम्हाला विचारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वाडीतल्या साठ पोफळी एका दुपारी आडव्या. तीन आठवडे लाईट नाही. भावाने तेव्हा लावलेल्या रोपांना आत्ता कुठे फळ धरतंय. खिडकीच्या लोखंडी बिजागऱ्या दर दोन वर्षांनी गंजून हातात येतात. आणि बोअर मारताना जरा खोल गेलं की खारं पाणी. घर बांधून कुलूप लावून नाशिकला बसलात तर तीन पावसाळ्यांत घराचं काय होतं, मी बघितलंय.

प्रसाद (सी-२०२): काकू, मासे पाठवा मग

मंदाकाकू (बी-२०३): ये रविवारी जेवायला. पण मीटिंगला बसून मग.

आण्णा (ए-४०२): फोटो बघितला. ज्याने काढलाय त्याचा अंगठा कागदाच्या उजव्या बाजूला, बरोबर "इतर अधिकार"च्या रकान्यावर आलाय. अंगठ्याच्या वर "आदिवासी" एवढाच शब्द सुटलाय, पुढचं झाकलंय. गट नंबर दिसतोय. ऑनलाइन काढतो. थांबा.

किरण (बी-१०२): आण्णा, तुम्ही गिरणाऱ्याच्या जमिनीच्या वेळी पण असंच घाबरवलं होतं. आज तिथे दर तिप्पट आहेत.

मंदाकाकू (बी-२०३): दर तिप्पट, पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागलं रे?

सेक्रेटरी (ए-१०१): कृपया जुने विषय ग्रुपवर नकोत. लिफ्टवाला उद्या येतोय. गच्चीसाठी प्रत्येकी ८,५००.

किरण (बी-१०२): हा मेसेज डिलीट केला आहे.

सेक्रेटरी (ए-१०१): मी वाचला किरण. सेक्रेटरीपद तुम्हीच घ्या, आनंदाने देतो.

आण्णा (ए-४०२): काढला. नीट वाचा सगळे, परत टाकणार नाही. इतर अधिकारात स्पष्ट लिहिलंय: आदिवासी खातेदार, कलम ३६ व ३६अ प्रमाणे हस्तांतरणास बंदी. हे १९६६ च्या महसूल संहितेतलं कलम आहे. परवानगीशिवाय ही जमीन बिगर आदिवासीला विकताच येत नाही. विकली तरी मूळ मालकाला ती परत देण्याची तरतूद आहे, आणि ती परत गेलीच पाहिजे. त्या माणसाच्या पोटाची जमीन आहे ती. मी अठ्ठावीस वर्षं भूमी अभिलेखात काढली. कुठल्या तरी कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन झालेले व्यवहार बघितलेत. आपल्या सोसायटीचं नाव त्यात यायला नको.

आण्णा (ए-४०२): दुसरं. एजंट म्हणतो "११ जण मिळून एका सातबाऱ्यावर नाव लावू, नंतर एनए (बिगरशेती) करून देतो." शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, कूळकायद्याचं कलम ६३. तुमच्यातल्या किती जणांच्या नावावर शेती आहे? शिवाय डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. तिथे शेतीचा वापर बदलून घेणं इतर तालुक्यांसारखं नाही. बंदर शेजारी आलं म्हणून प्रत्येक जमीन विकण्याजोगी होत नाही.

रोहन (सी-५०१): आणि जाहिरातीत "पाणी पायाशी" म्हणतोय. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचा नियम, त्याचं काय? ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम जवळजवळ बंद. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना ते ५० मीटर केलंय, पण हे गाव दाट वस्तीचं दिसत नाही. प्लॉट आठपेक्षा जास्त आणि जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराची नोंदणी पण लागते. नंबर विचारला का कोणी?

मेधा (ए-३०१): विचारला. म्हणाला "प्रोसेसमध्ये आहे".

मंदाकाकू (बी-२०३): आणि गच्चीवर आपलं ४८ घरांचं एकमत होत नाही. एका सातबाऱ्यावर ११ जण किती दिवस नांदतील?

प्रसाद (सी-२०२): किरण, तुला किती टक्के मिळणार होते त्याच्याकडून?

प्रसाद (सी-२०२): गंमत केली रे

किरण (बी-१०२): गंमत नाही ही. एक रुपया नाही घेतलेला मी. बसचं भाडं पण मी भरलंय. आणि ५१ हजार फक्त मेधावहिनींच्या घरचे नाही गेले, माझे पण गेलेत. आईच्या एफडीतले. तिला समुद्राजवळ दोन खोल्या बांधून द्यायच्या होत्या, बस एवढंच डोक्यात होतं. कंपनीत पगारवाढ कधी होईल माहीत नाही, म्हटलं एकदा तरी वेळेवर काहीतरी घेऊ.

मेधा (ए-३०१): किरणभाऊ, मला हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

प्रसाद (सी-२०२): किरण, सॉरी यार. मनापासून. गच्चीचे ८,५०० आज रात्री टाकतो मी.

किरण (बी-१०२): बस रद्द केली. ज्यांनी नाव दिलं त्यांनी कृपया फोन करू नका, मीच करतो सगळ्यांना.

मेधा (ए-३०१): आण्णा, टोकनचं?

आण्णा (ए-४०२): पैसे बँकेतून गेलेत ना? मग नोंद आहे. पावती, त्याचे मेसेज, तो अंगठ्याचा फोटो, काही डिलीट करू नकोस. लेखी मागणी करू, दोघांची एकत्र. सोमवारी मी येतो त्याच्या ऑफिसला. आज नवीन कशावर सही नाही. आणि आदिवासी जमिनीची नोंद लपवून पैसे घेतलेत, हे कागदावर लिहायचं. बोलून काही होत नाही तिथे.

किरण (बी-१०२): आण्णा, आत्ता येऊ का वर? पावती घेऊन.

आण्णा (ए-४०२): ये. मेधा, तू पण ये. लिफ्ट बंद आहे, जिन्याने सावकाश या. आणि किरण, आईला अजून काही सांगू नकोस. आधी कागद बघू.