खासगी हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल पुराव्याआधीच बाद करता येतो का?

ज्युनिअर_सिव्हिललाइन्स:
नागपूर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. दावा 2022 चा, इसारपत्रावरून (विक्रीचा करार) विक्रीपत्र करून मिळावं म्हणून, आपण वादीकडून. प्रतिवादीने सही नाकारली. कोर्टाने वादाचे मुद्दे काढलेत. आता त्यांनी खासगी तज्ज्ञाचा अहवाल लावलाय, ‘सही जुळत नाही’. तपासणी इसारपत्राच्या झेरॉक्सवरून, नमुना म्हणून फक्त वकालतनामा आणि लेखी जबाब. सरतपासाआधीच (साक्षीदाराची त्याच्याच वकिलाकडून होणारी तपासणी) हा अहवाल काढून टाकायचा अर्ज द्यावा का?

उलटतपास:
नको. अमेरिकेत ट्रायलआधी तज्ज्ञाची पद्धत तपासून त्याला बाहेर ठेवता येतं, आपल्याकडे तसा टप्पाच नाही. अर्जावर ‘से’ (समोरच्याचं लेखी म्हणणं) येईल, दोन-तीन तारखा जातील आणि तुमची क्रॉस, म्हणजे उलटतपासाचे प्रश्न, समोरच्याला फुकटात कळतील. मग ते पुरवणी अहवाल आणून भोकं बुजवतील.

तज्ज्ञ पिंजऱ्यात येईपर्यंत तो अहवाल नुसता कागद आहे. त्याला निशाणी (पुराव्यातला क्रमांक) पडताना तिथल्या तिथे हरकत घ्या आणि ती रोजनाम्यात (कोर्टाची रोजची नोंद) आली का बघा. सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत त्या वेळी घेतली नाही तर अपिलात उपयोग नाही (सर्वोच्च न्यायालयाचा वेंकटाचल गौंडर निकाल, 2003). दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर 16 रूल 1 खालची साक्षीदार यादीही पाहा: मुद्दे निघाल्यापासून 15 दिवस. तज्ज्ञाचं नाव त्यात नसेल तर त्यांना कारण दाखवून परवानगी घ्यावी लागेल. ती बहुधा मिळतेच, फार भिस्त ठेवू नका.

आणि हो, 1 जुलै 2024 ला नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला तेव्हा दावा प्रलंबित होता, म्हणून जुनाच पुरावा कायदा: कलम 45 (तज्ज्ञाचं मत) आणि 73 (सहीची तुलना). नव्या अधिनियमाची 39 आणि 72 नव्हे.

कागदपत्री:
अहवालाचा खरा जीव नमुन्यांत असतो. वाद पेटल्यावरची सही माणूस मुद्दाम वेगळी करू शकतो, त्यामुळे वकालतनाम्यावरचा ‘फरक’ काहीच सांगत नाही. झेरॉक्समध्ये पेनाचा दाब दिसत नाही. रेघ कुठे थांबली, पेन उचलून पुन्हा कुठे टेकवला, हेही धूसर होतं. उलट टोनरचे ठिपके रेघेला चिकटून थरथर असल्यासारखं दिसतं. क्रॉसमध्ये एवढंच विचारा: मूळ कागद कधी, कुठे पाहिला? भिंगाची पट किती? फोटो कुणी काढले? नमुने कुणी निवडले? कलम 51 खाली मताची कारणं विचारता येतात, म्हणून तुलनेचे मोठे केलेले फोटो सोबत आणायला लावा.

ज्युनिअर_सिव्हिललाइन्स:
आपला तज्ज्ञ नंतर खंडनात, म्हणजे त्यांचा पुरावा झाल्यावर उत्तरादाखल, आणला तर?

उलटतपास:
तिथेच फसाल. सही सिद्ध करायचा भार तुमच्यावर, त्या मुद्द्यावर ऑर्डर 18 रूल 3 ची पुरसीस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन पुरावा राखून ठेवता येत नाही. आत्ताच ऑर्डर 26 रूल 10ए (शास्त्रीय तपासणीसाठी कमिशन) खाली अर्ज द्या, मूळ इसारपत्र न्यायालयामार्फत शासकीय तज्ज्ञाकडे जाऊ द्या. इसारपत्राच्या आगेमागे वर्ष-दोन वर्षांतल्या मूळ सह्या हव्यात, आठ-दहा तरी. बँकेतला खाते उघडायचा फॉर्म समन्सने मागवा. प्रमाणित प्रत चालणार नाही, तीही शेवटी झेरॉक्सच.

कागदपत्री:
इसारपत्रावरचे दोन साक्षीदार आधी तपासा. त्यांनी सही होताना पाहिली असेल, तर तज्ज्ञाच्या मताला त्यांच्यासमोर फारसं वजन उरत नाही.