क्रूझवर तेच बेट दुसऱ्यांदा लागलं, तर उतरायचं की जहाजावरच लोळायचं?

भटकभवानी

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग झालंय आणि त्यात एक दिवस मलेशियातल्या पेनांग बेटाचा आहे. पाच वर्षांपूर्वीच्या क्रूझमध्येही होता. त्यावरून घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, "पेनांग बघून झालंय, त्या दिवशी मी स्विमिंग पूलशेजारी आडवा." माझं म्हणणं, आपण पेनांग बघितलंच नाही, बसची खिडकी बघितली.

मागच्या वेळी जहाजावरच सहल विकत घेतली होती. धक्क्यावर उतरलो, छातीवर नंबराचं स्टिकर लावलं, बसमध्ये बसलो. केक लोक सी या बौद्ध देवळात पाऊण तास, त्यातला निम्मा स्वच्छतागृहाच्या रांगेत. मग एका चॉकलेटच्या दुकानात त्याहून जास्त वेळ (का, ते गाइडलाच ठाऊक). मग भिंतीवरच्या चित्रांपाशी फोटो, की चला परत. देवळातल्या त्या सात मजली पगोड्याचा तळ चिनी, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मदेशी घडणीचा आहे, हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. आणि मी त्याच्यासमोर उभी राहून आले होते!

या वेळी बस नको. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि जॉर्ज टाउन या पेनांगच्या मुख्य शहराची जुनी वस्ती तिथूनच सुरू होते. बाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, 60 फूट उंच, तिच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून प्रत्येक वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बस्फोटांनी तो किंचित कललाय म्हणतात. तो कल मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय. तिथून रमतगमत निघालं तर सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिनचं चिनी देऊळ, क्वीन स्ट्रीटवरचं 1833 सालचं महामारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद, सगळं पायी होतं. ते चर्च 1818 साली हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांच्या हातून उभं राहिलं. बसमधून त्याचे पांढरे खांब तेवढे दिसले होते.

पहिल्यांदा गेलं की "हे राहिलं, ते राहिलं" अशी धाकधूक असते. दुसऱ्यांदा ती नसते, म्हणून एका गल्लीत तासभर घालवला तरी जीव खालीवर होत नाही. तुम्ही काय करता?

डेकवरचा_आळशी

ताई, तुमच्या यजमानांना माझा जाहीर पाठिंबा.

बंदराच्या दिवशी निम्म्याहून जास्त जहाज रिकामं होतं. एरवी ज्या आरामखुर्चीसाठी सकाळी सहाला टॉवेल टाकून ठेवावा लागतो, ती अकरा वाजता मिळते. जकूझीत मी एकटा. बंदरात असताना कॅसिनो आणि ड्यूटी-फ्री दुकानं बंद असतात, पण त्यात माझा फायदाच आहे, पाकीट शाबूत राहतं.

उलट तुमचा बेत बघा. पेनांग विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंशांवर. तुम्ही न्याहारी उरकून उतरणार, म्हणजे ऐन उन्हात चालणार, आणि तिसऱ्या प्रहरी पाऊस गाठणार. शिवाय जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतःच्या पायांनी गेलेल्यांसाठी थांबत नाही. तुम्ही कललेल्या मनोऱ्याकडे बघत असताना जहाज भोंगा वाजवून निघालं तर?

भटकभवानी

अहो, मनोरा धक्क्यासमोरच आहे, भोंगा वाजला तर ऐकू येईल. आणि बंदराचे पैसे तिकिटात आधीच कापलेत. उतरा नाहीतर लोळा, ते परत मिळत नाहीत.

डेकवरचा_आळशी

बुफेचे पैसे भरलेत म्हणून पोट फुटेपर्यंत खाण्यातला प्रकार झाला हा.

मेथीची_जुडी

मी दोनदा जाऊन आलेय, तेव्हा अनुभवाचं सांगते. दुसऱ्यांदा जाऊ नका.

पहिल्या खेपेला आर्मेनियन स्ट्रीटवर ते सायकलवरच्या दोन भावंडांचं चित्र बघितलं होतं. लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाखारेविचनं 2012 मध्ये काढलेलं, भिंतीला खरीखुरी जुनी सायकल लावून. मुलीचा चेहरा असा हसरा, की तो वर्षानुवर्षं डोक्यात राहिला. दुसऱ्या वेळी मुद्दाम तिथेच गेले. जुन्या भिंतीवरचा रंग उडालेला, सायकलवर हात ठेवून फोटो काढायला पंधरा-वीस जणांची रांग, शेजारी त्याच चित्राचे फ्रिज मॅग्नेट. पाच मिनिटांत मागे फिरले. आता डोळे मिटले की ती रांगच आधी दिसते. पहिलं चित्र पुसलं गेलं हो माझं.

खायचं विचारलं नाहीत, तरी सांगते. शाकाहारी असाल तर लाक्सा हे रस्सेदार नूडल्स घेऊ नका, त्याचा रस्साच माशाचा असतो. 'चार क्वे तिआव' नावाच्या परतलेल्या नूडल्समध्ये कोळंबी, पुष्कळदा डुकराची चरबीही. लिटल इंडियात मुकाट्यानं केळीच्या पानावर बसावं. चेंडोल मात्र चुकवू नका: नारळाचं दूध, ताडगूळ, बर्फ आणि हिरव्या शेवया. जायफळाच्या फळाचं सरबतही मिळतं, आंबटगोड. ते दोन्ही वेळा तितकंच छान लागलं, एवढं कबूल करते.

अडकित्ता

माझं नाव इथे शोभून दिसतं, कारण पुलाऊ पिनांग म्हणजे सुपारीचं बेट. नोकरीनिमित्त नऊ वर्षं तिथे काढली. माझ्या मते तुम्ही सगळेच चुकताय.

सकाळी आठ ते संध्याकाळी पाच याला भेट म्हणत नाहीत. पहिल्यांदा गेलात तरी नाही, दहाव्यांदा गेलात तरी नाही. पेनांग रात्री जेवतं. संध्याकाळी हातगाड्या लागतात, लोखंडी कढयांखाली जाळ भडकतो, आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसतात. पाचला सुटणाऱ्या जहाजाचा प्रवासी नेमका तेव्हा नांगर उचलतो आणि डेकवरून दिव्यांचे फोटो काढतो.

दुसरं. जॉर्ज टाउनमधल्या जुन्या घरांना भाडेनियंत्रण होतं, ते 2000 साली उठलं. भाडी चढली, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कारागीर आणि छोटे दुकानदार बाहेर पडले. 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि रिकाम्या घरांत हॉटेलं, कॅफे आले. घरांचे दर्शनी भाग जपले गेले, आतली माणसं गेली. त्यात सकाळी एक जहाज हजारो माणसं ओततं. ती न्याहारी जहाजावर करून येतात, बहुतेक जण जेवायला परत जातात, मधल्या वेळात एक की-चेन घेतात. शहराच्या वाट्याला गर्दी येते.

म्हणून माझं मत: जायचंच तर विमानानं जा, तीन रात्री राहा. ते जमत नसेल तर आळशीबुवांच्या शेजारची खुर्ची धरा. कोणाचा त्रास तरी वाचेल.

डेकवरचा_आळशी

मी आळशी नाही, पर्यावरणवादी आहे, हे आजच कळलं.

अडकित्ता

तेही नाही. ते जहाज ऐंशी-शंभर टन इंधन दिवसाला पिऊ शकतं, तुमची जकूझी धरून.

भटकभवानी

अडकित्ताजी, भाडेनियंत्रणाचं मला अजिबात माहीत नव्हतं. पण तीन रात्रींचा हट्ट पटला नाही. घरात म्हातारं माणूस असेल, रजा मोजून मिळत असेल, तर रोज हॉटेल आणि विमानतळ बदलणं झेपत नाही. क्रूझ अनेकांसाठी त्यामुळेच सोयीची होते. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना जहाजातून छोट्या बोटीत उतरून धक्क्यावर जाणं नको असतं, पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं म्हणूनच त्या यायला तयार झाल्या.

आणि गर्दी ओतते म्हणालात, ते बसनं फिरणाऱ्यांना जास्त लागू आहे. पन्नास माणसं एका दुकानापाशी सोडायची आणि एकदम उचलायची. मी जेवणार तिथेच, गल्लीत. जहाजावरचं जेवण सोडून. त्यात शहराचं काय वाईट झालं?

मेथीताई, तुमचं मात्र मनाला लागलं. चित्राकडे जाणारच नाही मी. दुसऱ्यांदा जाताना पहिल्या वेळचं काहीच परत बघायचं नाही, असा नियम केला तर?

मेथीची_जुडी

मग सरबतही नाही का?

अडकित्ता

गल्लीत जेवणार असाल तर माझा विरोध थोडा मवाळ करतो. कपितान केलिंगच्या परिसरात दुपारी नासी कंदारच्या, म्हणजे भात आणि रश्श्यांच्या, ताटल्या असतात, मांसाहार चालत असेल तर. लोक वेगवेगळे रस्से एकावर एक ओतून घेतात, तुम्हीही घ्या.

एकच विनंती. पाण्यावरच्या लाकडी घरांच्या वस्तीत, च्यू जेट्टीवर, जाल. बहुतेक सगळे जातात. अशा आणखी दोन वस्त्या 2006 मध्ये पाडल्या, ही वाचली. तिथे एकाच आडनावाची कुटुंबं राहतात, ती दुकानं नाहीत, पुढच्या काहींची झालीत तेवढीच. दार उघडं दिसलं म्हणून आत मोबाइल घालू नका. उकाड्यामुळे दार उघडं असतं.

भटकभवानी

घातला होता. मागच्या वेळी. एक आजी देवघरासमोर बसून भाजी निवडत होत्या, मला फार सुंदर वाटलं होतं ते. त्यांनी मान वर केली आणि पाठ फिरवून बसल्या. आमचा गाइड म्हणाला, चला चला, बस सुटतेय.

फोटोत फक्त पाठ आलीय. अजून फोनमध्ये आहे.